टॅबवर ड्रोनचं ॲप अडखळतंय – टॅब बदलू, की आधी अजून काही बघू?

कोथरूडकर५८
नमस्कार मंडळी. भाच्याने नवा छंद धरला आणि त्याचा जुना डीजेआय मिनी २ माझ्या गळ्यात मारला. मला तो भलताच आवडला ही गोष्ट वेगळी. रिमोट त्याच्यासोबतचाच, आरसी-एन१. फोनच्या स्क्रीनवर मला उन्हात काही म्हणता काही दिसत नाही, म्हणून घरातला दहा इंची अँड्रॉइड टॅब लावतो. ३ जीबी रॅम, प्रोसेसर बेताचा, नातवंडांची गाणी बघायला घेतलेला.

पहिली काही मिनिटं सगळं छान. मग चित्र धक्के खायला लागतं, बटण दाबलं की शटर बऱ्याच वेळाने पडतं. मुळशीला मेहुण्याच्या शेतावर परवा उडवत होतो तर ॲप चक्क बंदच पडलं. ड्रोन वर, मी खाली, मेहुणा विचारतोय "आता काय?" नशीब, तो जागच्या जागी थांबून राहिला.

नवा टॅब घ्यावा का? घ्यायचा तर कुठला? की सेटिंगमध्ये काही करून भागेल? अगदी बाळबोध भाषेत सांगा.

सर्किट_सदाशिव
काका, सगळ्यात आधी ते "नशीब" काढून टाका. ॲप बंद पडलं म्हणून ड्रोन पडत नाही. उडवतो तो रिमोट, टॅब फक्त खिडकी आहे. काड्या (स्टिक) तेव्हाही चालू होत्या. घरी परत बोलवायचं बटण रिमोटवरच आहे, ते बीप वाजेपर्यंत दाबून धरायचं, तो येतो. फक्त परतीची उंची उडवण्याआधी ॲपमध्ये नीट भरलेली हवी, आजूबाजूच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा जास्त. मेहुण्याला हे सांगून ठेवा म्हणजे त्याचाही जीव भांड्यात पडेल.

आता टॅबचं. खरेदीच्या आधी दोष कुठे आहे ते ठरवा, नाहीतर पैसे जातील आणि धक्के तसेच राहतील. ड्रोन चित्र दाबून लहान करतो, रेडिओवरून रिमोटला पाठवतो, रिमोट वायरीतून टॅबला देतो, टॅब ते उलगडून दाखवतो. यातलं कुठलंही एक कडं ढिलं असलं तरी तुम्हाला दिसणार एकच: धक्के.

ओळखायचं असं. वरचे सिग्नलचे दांडे भरलेले आहेत, तरी चित्र अडतंय, आणि बोट लावल्यावर मेनूसुद्धा उशिरा उघडतोय, तर दोष टॅबचा. दांडे पडतायत, चित्रात चौकटी-चौकटी येतायत, पण मेनू झटकन उघडतोय, तर रेडिओचा. सगळं एकदम तुटतंय आणि "रिमोट जोडा" असं येतंय, तर वायर. आणि घरी आल्यावर मेमरी कार्डावरचा व्हिडिओ बघा. तो ड्रोनमध्येच रेकॉर्ड होतो, टॅबचा त्याच्याशी संबंध नाही. तो गुळगुळीत असणार, पैज.

पेठी_खवचट
नवा टॅब घेण्याआधी नवा चष्मा घ्या. गंमत नाही करत. रिमोट आपण हातभर अंतरावर धरतो. वाचायचा चष्मा त्याहून जवळचा असतो आणि लांबचा फारच लांबचा. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून त्या मधल्या अंतराचा नंबर काढून घ्या, फोनसुद्धा वाचता येईल. वर ड्रोनकडे बघताना मात्र तो काढावा लागेल, तेवढी कसरत आहेच.

क्वाडकाका
मी उष्णतेबद्दलच लिहितो, कारण पुण्यात मार्च ते मे हाच खरा खलनायक. "पहिली काही मिनिटं छान, मग धक्के" या एका वाक्यात निदान आलं आहे. थंड टॅब काम करतो, तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ॲपलसारखी कंपनीसुद्धा आयफोन-आयपॅडसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे सावलीतच ३५ ओलांडलेलं असतं, आणि आपण काळ्या काचेचा तुकडा आभाळाकडे तोंड करून उन्हात धरतो, ब्राइटनेस शंभर टक्के, आत व्हिडिओ उलगडण्याचं अखंड काम. वर रिमोट त्याला चार्ज करत बसतो.

तेव्हा: एक, टॅबचं कव्हर काढा. ते रबरी जाड कव्हर म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर. दोन, रिमोटवरून चार्जिंग होतंय ते ॲपच्या कंट्रोलच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं. टॅब घरून पूर्ण चार्ज करून न्या. यात रिमोटचाही फायदा: कंपनीच्या आकड्याप्रमाणे तो फोन चार्ज न करता ६ तास चालतो, चार्ज करत असेल तर ४. तीन, गाडीच्या डॅशबोर्डवर टॅब ठेवून मुळशीपर्यंत जाऊ नका, तिथेच तो निम्मा शिजतो. चार, रेकॉर्डिंग करताना व्हिडिओची एक प्रत टॅबमध्ये साठवायची सोय असते, कॅशे. ती बंद. ती प्रत ७२० पीच असते, कामाची नाही, आणि टॅबला उगाच लिहीत बसावं लागतं.

स्क्रीनला लावायची ती काळी सनशेडची टोपी पुष्कळजण घेतात. दिसायला मदत होते, खरं आहे, पण गरम हवा आत कोंडते. मी ती सोडून दिली. साधी छत्री घेऊन बायको शेजारी उभी राहते. (ती हे वाचत नाही.)

तापला म्हणून बर्फावर किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. ॲप बंद, स्क्रीन बंद, सावलीत, पाठीला वारा. बस.

लग्नाचा_फोटोवाला
आमचं पोट यावर आहे, म्हणून थोडं परखड. स्वस्त दहा इंची टॅबपेक्षा मधल्या दर्जाचा जुना फोन कधीही बरा. लोक इंच बघतात, चिप बघत नाहीत. मी एक फोन फक्त ड्रोनसाठी ठेवलाय. त्यात सिम नाही, व्हॉट्सॲप नाही, ड्रोनच्या ॲपशिवाय काहीच नाही. वरात चालू असताना मामाचा फोन आला आणि ड्रोनच्या चित्रावर मामाचा चेहरा आला, असं आमच्या धंद्यात चालत नाही.

ज्यांना वेगळा फोन परवडत नाही त्यांनी निदान विमान मोड लावावा. फोन येत नाहीत, नोटिफिकेशन थांबतात, शिवाय फोनचा वायफाय रिमोटच्या शेजारी बसून २.४ गिगाहर्ट्झवर बडबड करत नाही. नकाशा मात्र आधी घरच्या नेटवर उघडून त्या भागावर झूम करून ठेवा, नाहीतर मुळशीत राखाडी चौकट दिसेल. बॅटरी सेव्हर बंद करायला विसरू नका, तो प्रोसेसरला लगाम घालतो. आणि फोनची स्क्रीन १२० हर्ट्झची (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) असेल तर ६० वर आणा. ड्रोनचं चित्र सेकंदाला ३० फ्रेमचं, १२० ने काय साधणार? नुसती उष्णता.

आळशी_उंट
डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन ॲनिमेशन शून्य करा, बॅकग्राउंड प्रोसेस बंद करा, रॉकेट होतो टॅब. यूट्यूबवर सगळे सांगतात.

सर्किट_सदाशिव
ॲनिमेशन शून्य केल्याने मेनू चटकन उघडल्यासारखा वाटतो, व्हिडिओ उलगडायला काडीची मदत होत नाही. डेव्हलपर ऑप्शनमधली कामाची गोष्ट एकच: यूएसबी जोडल्यावर काय करायचं ते. काही फोन डेटा न देता नुसतं चार्जिंग धरून बसतात, मग रिमोट सापडत नाही. बाकी तिथे हात न लावलेलाच बरा, पुढे कधीतरी भलतंच काही बंद पडतं आणि कारण आठवत नाही. आणि एकाच टॅबवर डीजेआयची दोन्ही ॲप, म्हणजे आत्ताचं फ्लाय आणि जुनं गो ४, असतील, तर रिमोट जोडल्यावर कुणी उघडायचं यावरून गोंधळ होतो. मिनी २ ला फ्लायच लागतं, दुसरं काढून टाका.

कोथरूडकर५८
अरे वा, एवढे प्रतिसाद! सदाशिवरावांचं वाचून तपासलं: सिग्नल पूर्ण, मेनू उशिरा, कार्डावरचा व्हिडिओ लोण्यासारखा. म्हणजे टॅबच. पण हा उशीर किती हे मोजता येतं का? म्हणजे क्वाडकाकांचे उपाय करून फरक पडला की नुसतं मनाला वाटतंय, ते कळेल.

सर्किट_सदाशिव
येतं की. घरात ड्रोनचे प्रॉप्स (पंखे) काढा, टेबलावर ठेवून चालू करा. कॅमेऱ्यासमोर एका फोनवर स्टॉपवॉच लावा. आता दुसऱ्या फोनने असा फोटो काढा की खरं स्टॉपवॉच आणि टॅबवर दिसणारं स्टॉपवॉच दोन्ही एकाच फोटोत येतील. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे उशीर. मिनी २ साठी कंपनी साधारण २०० मिलिसेकंद सांगते, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पाच-सहा फोटो काढा, एकावर विसंबू नका.

एकच पथ्य. ड्रोन जमिनीवर फार वेळ चालू ठेवायचा नाही. हवेत प्रॉप्सच्या वाऱ्याने तो थंड राहतो, टेबलावर तापतो. मोजलं की बंद.

मीनल_के
सगळे टॅबच्या पोटात शिरलेत, तो रिमोटला कसा लावलाय ते कुणी विचारलंच नाही! आरसी-एन१ मध्ये १८० बाय ८६ मिलिमीटरपर्यंतचा, १० मिलिमीटर जाडीचा फोन बसतो. दहा इंची टॅब त्यात जाणं शक्य नाही, म्हणजे काकांनी स्टँड लावलाय. आणि या रिमोटचे अँटेना त्या वर ओढायच्या फोनच्या पकडीतच आहेत. पकडीसमोर धातूचा स्टँड आणि भलामोठा टॅब आला की तुम्ही स्वतःच्या हाताने अँटेनावर झाकण ठेवलं.

जवळ उडवताना कळत नाही, लांब गेलं की दांडे पडतात. प्लास्टिकचा स्टँड बघा, टॅब अँटेनाच्या वर किंवा खाली येईल असा. आणि अँटेनाची चपटी बाजू ड्रोनकडे हवी, टोक ड्रोनकडे रोखायचं नाही. टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

कोथरूडकर५८
मीनलताई, स्टँड तपकीर गल्लीतून (आपला इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार) आणलेला, ॲल्युमिनियमचा. दुकानदार म्हणाला "मजबूत आहे". मजबूत आहेच.

पेठी_खवचट
तपकीर गल्लीत "मजबूत" आणि "चालेल" हे दोनच शब्द मिळतात, बिल मागितलं की तेही मिळत नाहीत.

लग्नाचा_फोटोवाला
तपकीर गल्लीला नावं ठेवू नका राव, आमच्या वायरी तिथूनच येतात. फक्त घेताना तिथेच तपासून घ्यायची. टॅब लावला की रिमोटसोबतची छोटी वायर पुरत नाही, लांब घ्यावी लागते, आणि तिथेच लोक फसतात. नुसत्या चार्जिंगच्या वायरीतून डेटा जात नाही. खिशातला फोन दुकानातल्या लॅपटॉपला जोडून फायली दिसतात का बघायचं. दिसल्या तर घ्यायची.

कॉलेजकट्टा_एरो
थोडं विषयांतर, पण आमचं दुखणं हेच. आम्ही कॉलेजच्या स्पर्धेसाठी स्वतः बांधलेला क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) उडवतो, आर्डूपायलट या उड्डाणाच्या सॉफ्टवेअरवर. जमिनीवर त्याच्यावर नजर ठेवायला क्यूग्राउंडकंट्रोल हे ॲप, अँड्रॉइड टॅबवर. टेलिमेट्री (ड्रोनची उंची, वेग, बॅटरी असे आकडे) आणणारा रेडिओ ओटीजी वायरीने टॅबला जोडलेला. आकडे ठीक येतात, पण व्हिडिओ आणि नकाशा एकाच वेळी लावले की टॅब गुडघे टेकतो.

सर्किट_सदाशिव
तुमची गोष्ट थोडी वेगळी. टेलिमेट्री म्हणजे ५७६०० बॉडवरचे (डेटाचा अगदी कमी वेग) चार आकडे, त्याने कुठलाही टॅब दमत नाही. दमवतो तो नकाशा आणि व्हिडिओ. ऑफलाइन नकाशे आधी उतरवून ठेवा, पण फक्त मैदानापुरते. झूमच्या सगळ्या पातळ्या घेत बसलात तर हजारो तुकडे होतात. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये कमी उशिराचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि पाठवणाऱ्या बाजूला रिझोल्यूशन कमी करा. स्पर्धेत लक्ष्य सापडायला ७२० पी भरपूर झालं.

जमलं तर व्हिडिओ वेगळ्या स्क्रीनवर, नकाशा टॅबवर. दोघांचे पायलटही वेगळे होतात, भांडणं कमी. किंवा टॅबऐवजी मिशन प्लॅनर हे तसंच सॉफ्टवेअर लॅपटॉपवर. मैदानात लॅपटॉपची स्क्रीन दिसत नाही हे खरं, पण तुम्ही तंबूत असता.

क्वाडकाका
हा धागा मोठा होतोय आणि मुळशीचं नाव आलंय, म्हणून एक सांगून टाकतो. ॲपमध्ये लाल काही दिसत नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. आपल्याकडचा अधिकृत नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. त्याच्या आत गेलात की आधी परवानगी काढावी लागते. लोहगाव हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), मधे लष्कराच्या जागा. पुण्याचा नकाशा उघडलात की कळेल किती थोडं मोकळं आहे. मिनी २ चं वजन २४९ ग्रॅम, म्हणजे नॅनो हा सगळ्यात हलका वर्ग, त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण लाल क्षेत्र नॅनोलाही लालच. सिंहगडावर जाऊन उडवणाऱ्यांनी समोर कोण आहे ते बघावं.

आळशी_उंट
मग नवा ड्रोनच घेतो, स्क्रीनवाल्या रिमोटचा, फोनची कटकटच नको.

लग्नाचा_फोटोवाला
घे की. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण अशी थोडी सूट सोडून. म्हणून तर सगळे जुनी यंत्रं जपतायत. आणि डीजेआयचा तो स्क्रीनवाला आरसी रिमोट मिनी २ ला चालतच नाही, कुणी गळ्यात मारत असेल तर सावध. दिसायला मात्र स्क्रीन झकास, ७०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप).

कोथरूडकर५८
मोजमाप झालं. सकाळी घरात, थंड टॅब: पाव सेकंदाच्या आसपास. दुपारी गॅलरीत उन्हात ठेवून, कव्हरसकट, चार्जिंग चालू: जवळजवळ एक सेकंद! मग कव्हर काढलं, चार्जिंग बंद, कॅशे बंद, विमान मोड, सावली. अर्ध्या सेकंदाच्या आत आला, पण पाव काही होईना. म्हणजे उपायांनी निम्मं काम झालं, उरलेला दोष त्याच्या नशिबाचा.

तेव्हा आता खरेदी. जुना आयपॅड मिनी घ्यावा असं भाचा म्हणतो. त्यात सिमची खाच नसलेला स्वस्त मिळतोय, पण त्याला जीपीएस नसतं म्हणे. मग ड्रोन हरवेल का?

मीनल_के
नाही हरवणार. ड्रोनला स्वतःचं जीपीएस आहे, घरचा बिंदू तो उड्डाणाच्या जागेवरून धरतो. बिनसिमच्या आयपॅडला जीपीएस नसल्याने नकाशावर "तुम्ही इथे" नीट येणार नाही, आणि चालता चालता घरचा बिंदू स्वतःच्या जागेवर हलवता येणार नाही. नावेतून किंवा गाडीतून उडवणार नसाल तर फरक पडत नाही.

मिनीचं पाचवं मॉडेल असेल तर ए१२ चिप, सहावं असेल तर ए१५. मिनी २ साठी पाचवंसुद्धा पुरून उरतं. उन्हात ५०० निट्स, म्हणजे सावलीत छान, भर दुपारी ठीक. दोन्ही रिमोटच्या पकडीत बसत नाहीत, स्टँड लागेलच, या वेळी प्लास्टिकचा. वायर बघून घ्या: पाचव्याला लायटनिंग, सहाव्याला टाइप-सी. विकणाऱ्याकडे बॅटरी फुगलेली नाही ना, काच वर उचललेली नाही ना, हे पाठीवर बोट फिरवून बघा, आणि विकणारा आयपॅडवरच्या त्याच्या ॲपल खात्यातून बाहेर पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

सर्किट_सदाशिव
अँड्रॉइडच हवा असेल तर एक खाचखळगा. काही स्वस्त टॅबमध्ये प्रोसेसर ६४-बिटचा पण वर अँड्रॉइड ३२-बिटचं भरलेलं असतं. ॲप उतरवता, "इन्स्टॉल झालं नाही" एवढंच येतं, कारण कुणी सांगत नाही. घेण्याआधी दुकानातच बघा. आणि डीजेआय फ्लाय अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर मिळत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरून एपीके (ॲपची फाइल) उतरवायची. फोन इशारा देईल, परवानगी द्यायची आणि काम झालं की ती परवानगी परत काढायची. टेलिग्रामवरच्या "सुधारित" एपीके घेऊ नका. आयपॅडला ही भानगड नाही, सरळ ॲप स्टोअरवर आहे.

आठ इंची सॅमसंग टॅब ॲक्टिव्ह ३ चाही विचार करा. बॅटरी काढता येते, तो राबायलाच बनवलाय. पण आता जुनाच सापडेल.

कोथरूडकर५८
आयपॅड मिनी पाच ठरला, नात्यातलाच मिळतोय, बॅटरी बघून घेतली. चष्म्याचंही मनावर घेतलंय, खवचटराव, उद्याची वेळ घेतली आहे.

पेठी_खवचट
दोन्हींचं बिल घ्या.

नवशिका_पिंपरी
धागा वाचून काढला, धन्यवाद सगळ्यांना. माझा प्रश्न छोटा आहे: सोसायटीच्या गच्चीवर फोन थंड असतो, मेनू झटकन उघडतो, तरी चित्र फुटतं. शेतात नाही फुटत. हे मीनलताईंचं अँटेनाचं की दुसरं?

सर्किट_सदाशिव
दुसरं. गच्चीखाली प्रत्येक घरात एक राउटर आहे, आणि सगळे २.४ वर कलकलाट करतायत. ट्रान्समिशनच्या सेटिंगमध्ये ५.८ लावून बघ. अंतर कमी मिळेल, पण हवा मोकळी असते. सुटलं तर उत्तर मिळालं. आणि पिंपरीत ती गच्ची नकाशावर कुठल्या रंगात येते ते आधी बघ.